व्हायरल न्यूमोनियातला टू-डी इको: करताना आणि वाचताना या चुका टाळा

"पंपिंग ६० टक्के आहे, म्हणजे हार्ट ठीक आहे ना डॉक्टर?" न्यूमोनियाच्या रुग्णाचा टू-डी इको झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. रिपोर्टचा कागद हातात, बोट 'ईएफ'च्या आकड्यावर, आणि आवाजात सुटकेची घाई. मी तो कागद घेतो आणि चार-पाच ओळी खाली बोट ठेवतो. तिथे हृदयाच्या उजव्या बाजूबद्दल लिहिलेलं असतं. फ्लू किंवा कोविड छातीत उतरला की हृदयाची तक्रार बऱ्याचदा त्या ओळींत असते, आणि नेमक्या त्याच वाचायच्या राहतात.

रिपोर्ट हातात घेऊन उभे असलेले घरचे आणि प्रोब (छातीवर फिरवायचं इकोचं उपकरण) हातात घेऊन उभे असलेले नवे डॉक्टर, दोघांसाठी हे लिहितोय. चुका दोघांच्याही होतात आणि त्यांची मुळं पुष्कळदा एकच असतात.

फक्त पंपिंगचा आकडा बघून कागदाची घडी घालणं

डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर गेलं, तेवढंच ईएफ सांगतो. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ हा आकडा नॉर्मल धरतात. कप्पा निरोगी माणसातही पूर्ण रिकामा होत नाही, त्यामुळे '६० टक्के' ऐकून "मग ४० टक्के हार्ट बंद आहे का?" असं घाबरायचं कारण नाही. आकडा चांगलाच आहे. फक्त तो डाव्या बाजूचा आहे.

उजव्या खालच्या कप्प्याचं काम फुप्फुसात रक्त ढकलायचं. तिथला दाब मुळात कमी, म्हणून या कप्प्याची भिंतही पातळ, एरवी ५ मिलिमीटरच्या आतच. डावा कप्पा १२०च्या दाबाविरुद्ध रात्रंदिवस काम करायला घडलेला आहे, उजव्याला सवय जेमतेम पंचविसाची. न्यूमोनियात फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. सुजलेल्या फुप्फुसात गुठळ्या होऊ शकतात. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर मशीन जो दाब देते त्याचाही भार याच कप्प्यावर पडतो. पातळ भिंतीचा कप्पा मग फुगायला लागतो. फुगत फुगत डाव्याच्या बरोबरीला येतो, मधला पडदा डावीकडे ढकलतो, आणि आडव्या छेदात एरवी गोल दिसणारा डावा कप्पा इंग्रजी 'डी' अक्षरासारखा चपटा होतो. आणि अशा वेळीही डाव्या कप्प्याचं ईएफ ६५ निघू शकतं.

कोविडच्या सुरुवातीला, २०२० मध्ये, तेल अवीवच्या डॉक्टरांनी दाखल झालेल्या लागोपाठच्या १०० रुग्णांचा इको केला होता. त्यात ३२ जणांचा इको पूर्ण नॉर्मल होता. सर्वांत जास्त सापडलेला बदल म्हणजे उजवा कप्पा मोठा होणं किंवा त्याचं काम मंदावणं, ३९ जणांत. डाव्याचं पंपिंग कमी झालेले फक्त १० होते. विषाणू फुप्फुसात आणि त्याची वर्दी हृदयाच्या उजव्या बाजूला, असं हे गणित आहे.

म्हणून रिपोर्टमध्ये 'आरव्ही', म्हणजे उजवा खालचा कप्पा, असं लिहिलेल्या ओळी शोधा. 'टॅप्सी' नावाचा आकडा असतो. दर ठोक्याला उजव्या बाजूच्या झडपेची कड किती मिलिमीटर खाली सरकते, ते त्यात मोजलेलं असतं. १७ पेक्षा कमी असेल तर उजवा कप्पा दमलाय असं समजतात. मात्र एकट्या टॅप्सीवरही विसंबू नये, कारण तो एका भिंतीची एकाच दिशेची हालचाल मोजतो. कप्पा फुगलेला आणि टॅप्सी १९, असंही दिसतं. आकार, पडद्याचा कल, टिश्यू डॉपलरवर मोजलेला भिंतीच्या हालचालीचा वेग (९.५ सेंटिमीटर प्रति सेकंदाच्या खाली असेल तर कमी) हे सगळं एकत्र बघायचं असतं.

फुप्फुसातला दाब 'लिहिलेला नाही' म्हणजे 'नॉर्मल आहे' असं समजणं

ही चूक डॉक्टरांकडूनही होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. फुप्फुसाच्या धमनीतला दाब इकोमध्ये थेट मोजता येत नाही, तो हिशेबानं काढतात. उजवीकडच्या ट्रायकस्पिड झडपेतून थोडं रक्त मागे गळत असतं, त्या धारेचा वेग डॉपलरनं मोजतात. वेगाचा वर्ग करून चारनं गुणायचं आणि वरच्या कप्प्यातला दाब त्यात मिळवायचा. धार सेकंदाला ३ मीटर असेल तर ३ गुणिले ३ म्हणजे ९, चौपट केले ३६, वरच्या कप्प्याचे समजा ८, एकूण ४४.

आता यात दोन खाचा आहेत. गळतीच नसेल किंवा ती नीट पकडता आली नसेल तर हिशेब करताच येत नाही, रकाना रिकामा राहतो. रिकामा रकाना म्हणजे दाब नॉर्मल असल्याची ग्वाही नव्हे. दुसरी खाच प्रोबच्या कोनाची. धारेच्या रेषेत प्रोब नसेल तर वेग खरा आहे त्यापेक्षा कमी मोजला जातो, आणि कमी आलेल्या वेगाचा वर्ग केल्यावर चूक आणखी वाढते. एकाच जागेवरून मोजून थांबू नका. दोन-तीन जागांहून धार पकडा आणि सर्वांत जास्त मिळालेला स्वच्छ वेग घ्या.

वरच्या कप्प्याचे ते '८' सुद्धा अंदाजाचेच असतात. पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर, 'आयव्हीसी', किती रुंद आहे आणि श्वासाबरोबर किती दबते यावरून ते ठरवतात. २१ मिलिमीटरच्या आत आणि श्वास आत घेताना निम्म्याहून अधिक दबणारी असेल तर दाब कमी, ३ धरायचा. त्याहून रुंद आणि जेमतेम हलणारी असेल तर १५ धरायचा. मधल्या परिस्थितीला ८. हा नियम स्वतःच्या श्वासावर असलेल्या माणसासाठी बनवलाय. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाची शीर मशीनच्या दाबामुळेच रुंद दिसते. ती बघून "पाणी जास्त झालंय, लघवीचं औषध वाढवा" असा निष्कर्ष काढला, तर मुळात कोरड्या पडलेल्या रुग्णाचं बीपी आणखी खाली येईल.

ताप, धडधड आणि मशीन यांची नोंद न करता इको करणं

इको हे त्या दहा-वीस मिनिटांचं चित्र असतं. ताप १०३, नाडी १२८, दोन दिवस धड पाणीही प्यायलेलं नाही, अशा माणसाचा डावा कप्पा लहान आणि जोरात आकसणारा दिसणारच. ईएफ ७५ येतं आणि घरचे म्हणतात, "वा, हार्ट तर तगडं आहे!" खरं तर हृदय कमी रक्तावर धावपळ करत असतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाचा परिणाम अंगभर पसरल्यावर, रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, समोरचा अडथळा कमी होतो, आणि स्नायू दुबळा असूनही पंपिंग बरं दिसतं. बीपी वाढवणारी औषधं चालू करून ते सावरलं की खरा दुबळेपणा उघडा पडतो. त्याला "औषधानं हार्ट बिघडलं" असं म्हणणं चुकीचं ठरेल.

नाडी फार जलद असेल तर कप्पा सैलावण्याच्या, म्हणजे 'डायस्टोलिक' मापनाच्या दोन लाटा एकमेकींत मिसळतात. तिथे ओढूनताणून ग्रेड लिहू नये. 'नाडी जलद असल्याने ठरवता येत नाही' एवढं लिहिणं जास्त प्रामाणिक.

रिपोर्टच्या डोक्यावर नाडी, बीपी, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, व्हेंटिलेटरवर असेल तर पीईईपी (श्वास सोडल्यावरही मशीन राखतं तो दाब) किती, बीपी वाढवणारी कोणती औषधं चालू आहेत, एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. चार दिवसांनी दुसरा इको होतो तेव्हा या अर्ध्या मिनिटाची किंमत कळते. त्याशिवाय दोन रिपोर्टांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

वाईट चित्रावर चांगला रिपोर्ट लिहिणं

इकोसाठी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, म्हणजे हृदय बरगड्यांजवळ येतं. न्यूमोनियाच्या रुग्णाला ते पुष्कळदा जमत नाही. तो उशांना टेकून अर्धवट बसलेला असतो, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दर चार वाक्यांनी खोकल्याची उबळ. "श्वास रोखून धरा" म्हटलं तर दोन सेकंदही धरवत नाही. प्रोब छातीवर ठेवला की पडद्यावर राखाडी धुकं, कारण हवा ध्वनिलहरींना पुढे जाऊ देत नाही आणि फुगलेलं फुप्फुस हृदयासमोर आडवं येतं. अशा वेळी प्रोब छातीच्या मधल्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या टोकाशी न्यायचा आणि यकृतातून वर बघायचं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात पुष्कळदा हीच खिडकी कामाला येते. उजवा कप्पा, हृदयाभोवतीचं पाणी आणि आयव्हीसी, तिन्ही तिथून दिसतात.

सगळ्यात जास्त फसवणारी चूक म्हणजे चार कप्प्यांच्या चित्रात डाव्या कप्प्याचं टोक कापलं जाणं. प्रोब एक बरगडी वर राहिला की लांबट कप्पा बुटका दिसतो, टोकाकडचा न हलणारा भाग चित्राबाहेर जातो आणि ईएफ खऱ्यापेक्षा जास्त येतं. उजव्या कप्प्याचंही तसंच. नेहमीच्या कोनातून तो कधी उगाच छोटा तर कधी उगाच मोठा दिसतो, म्हणून त्याच्यावरच रोख ठेवून वेगळं चित्र घ्यायचं आणि बुडाशी, म्हणजे झडपेजवळ, ४१ मिलिमीटरपेक्षा रुंद आहे का ते तिथे मोजायचं. काही दिसलंच नाही तर तसं लिहा. 'चित्र अपुरं, पुन्हा करावं' हे वाक्य लिहिताना नव्या डॉक्टरांना कमीपणा वाटतो, तो वाटू देऊ नका. त्या वाक्यानं रुग्णाचं काही बिघडत नाही. 'सर्व नॉर्मल' या अंदाजपंचे शेऱ्यानं मात्र बिघडू शकतं.

हृदयाभोवती दिसलेली प्रत्येक काळी पट्टी म्हणजे पाणी समजणं

विषाणूमुळे हृदयाच्या आवरणाला सूज येते, थोडं पाणी जमतं, हे खरंच. पण हृदयाच्या पुढच्या बाजूला चरबीचा थरही असतो. तो किंचित दाणेदार दिसतो आणि हृदयाबरोबर हलतो. न्यूमोनियात छातीत, फुप्फुसाभोवतीही पाणी होतं आणि ते इकोमध्ये डोकावतं. ओळखायची खूण सोपी आहे. लांब छेदात हृदयामागे महाधमनीचा गोल दिसतो. आवरणातलं पाणी त्या गोलाच्या पुढून, हृदय आणि धमनी यांच्या मध्ये शिरतं. फुप्फुसाभोवतीचं पाणी गोलाच्या मागे राहतं.

पाण्याची पट्टी १० मिलिमीटरच्या आत असेल तर थोडं, २० पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. घरच्यांनी मिलिमीटरवर अडकून राहू नये. हळूहळू साचलेलं बरंच पाणी हृदय सोसतं, आणि झटकन साचलेलं थोडंही गळा आवळतं. म्हणून डॉक्टर पट्टीच्या जाडीपेक्षा उजवे कप्पे दबतायत का आणि बीपी कसं आहे, याकडे जास्त बघतात.

जे दिसलं ते सगळं विषाणूच्या नावावर टाकणं

एखाद्याचा उजवा कप्पा मोठा आहे, पण भिंतही ५ मिलिमीटरहून जाड झालीय आणि झडपेवरच्या दाबाचा फरक ६० च्या वर आहे. असा दाब तयार करायला कप्प्याला महिने-वर्षं लागतात. आठ दिवसांच्या तापात ते होत नाही. जुना दमा, सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार), झोपेत श्वास अडकणं, पूर्वीची गुठळी, असं काहीतरी आधीपासून असणार. उलट कप्पा अचानक फुगलेला, भिंत पातळच, त्याच्या बाहेरच्या भिंतीचा मधला भाग थिजलेला आणि फक्त टोक हलतंय, असं चित्र असेल तर फुप्फुसात मोठी गुठळी अडकल्याची शंका घ्यायची. हीच खूण उजव्या बाजूच्या हार्ट अटॅकमध्येही दिसू शकते, म्हणून नुसत्या इकोवर शिक्का न मारता शक्य असेल तर सीटी अँजिओग्राफी करून घेतात.

डाव्या बाजूलाही हाच घोळ होतो. ताप आहे, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलंय, भिंत हलत नाही, "मायोकार्डायटिस असेल", म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज असेल, म्हणून मोकळं व्हायचं. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या रुग्णांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण इतर काळाच्या सुमारे सहापट आढळलं होतं. न हलणारा भाग एकाच धमनीच्या हद्दीत बसत असेल तर आधी ब्लॉकेजचा विचार करा, ईसीजी समोर ठेवा, उशीर करू नका. स्नायूला विषाणूची सूज असेल तर भिंत किंचित जाड दिसते आणि दुबळेपणा बहुधा पसरलेला असतो, एका धमनीचा नकाशा पाळत नाही. हृदयाचं बूड जोरात आकसतंय आणि टोक मात्र फुग्यासारखं, असं दिसलं तर 'टाकोत्सुबो' हाही एक प्रकार आहे. शरीरावरच्या किंवा मनावरच्या जबर ताणानं तो होतो आणि बहुतेकांत काही आठवड्यांत पंपिंग पूर्ववत होतं. मात्र धमन्या मोकळ्या असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय हे नाव उच्चारू नये.

जुना इको रिपोर्ट घरात असेल तर तो शोधून आणा. तुम्हाला तो निरुपयोगी कागद वाटेल. माझ्यासाठी 'आजचं' आणि 'आधीचं' वेगळं करण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

इको नॉर्मल, म्हणजे प्रश्न मिटला?

सौम्य मायोकार्डायटिसमध्ये इको अगदी स्वच्छ येऊ शकतो. छातीत दुखतंय, ट्रोपोनिन वाढलंय, ईसीजी बदललाय आणि इको नॉर्मल, अशा वेळी स्नायूतली सूज दाखवायला हृदयाचा एमआरआय लागतो. 'स्ट्रेन' या मापनात, म्हणजे ठोक्याला स्नायू किती टक्के आखडतो ते बघताना, पंपिंग घसरण्याआधीच स्नायूचा दुबळेपणा दिसू शकतो. नॉर्मल आकडा उणे २०च्या आसपास असतो, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर तो थोडा वेगळा येतो, त्यामुळे तुलना एकाच प्रकारच्या मशीनवर करावी.

वेळेचं भान त्याहून महत्त्वाचं. सोमवारी नॉर्मल आलेला इको गुरुवारची हमी देत नाही. काही रुग्णांत मायोकार्डायटिस काही तासांत हृदयाला गुडघ्यावर आणतो. बीपी पडतंय, हातपाय गार पडलेत, ग्लानी आहे, लघवी कमी झालीय, असं असेल तर "परवाच तर इको झालाय" म्हणून थांबू नका, पुन्हा करा. लहान मुलांत तर कोविड बरा होऊन दोन ते सहा आठवडे झाल्यावर अचानक खूप ताप, पोटदुखी, अंगावर पुरळ, लाल डोळे अशी लक्षणं येऊ शकतात. त्यात पंपिंग कमी होतं आणि हृदयाच्या धमन्या फुगू शकतात. त्या धमन्या मुलाच्या वजन-उंचीच्या हिशेबात मोजून 'झेड स्कोअर' काढतात, नुसत्या मिलिमीटरनं मुलांत काही कळत नाही.

साध्या सर्दीतही इको, आणि बरं झाल्यावर प्रत्येक शेऱ्याची धास्ती

"कोविडच्या ५५ टक्के रुग्णांत इको बिघडलेला" हा आकडा २०२० मध्ये फार फिरला. तो ६९ देशांतल्या १,२१६ रुग्णांचा होता, आणि डॉक्टरांना आधीच काही शंका आली म्हणून ज्यांचा इको केला गेला, असेच ते रुग्ण होते. घरी बसून तीन दिवसांत बरे झालेल्यांना तो लावू नका. नुसता ताप, सर्दी, अंगदुखी असेल तर इकोची गरज नाही. तापाच्या मानानं जास्त धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, पायांवर सूज, ईसीजीत किंवा ट्रोपोनिनमध्ये बदल, बीपी खाली येणं, ही इकोची कारणं आहेत.

बरं झाल्यावर केलेल्या इकोत 'ट्रिव्हियल टीआर', 'माइल्ड एमआर' असे शब्द दिसले की लोकांची झोप उडते. झडपेतून किंचित गळती निरोगी माणसातही सर्रास दिसते, तिचा तापाशी बहुधा संबंध नसतो. साठीनंतर 'ग्रेड वन डायस्टोलिक' हाही नेहमीचा शेरा आहे. खरी मायोकार्डायटिस झालेल्यांनी मात्र अंगात बळ वाटलं तरी धावणं, जिम, स्पर्धा तीन ते सहा महिने बंद ठेवायच्या, आणि तपासण्या करून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच हळूहळू सुरू करायच्या. सूज असलेल्या स्नायूवर जोर पडला की ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. तरुण मुलं इथेच ऐकत नाहीत, त्यांना घरच्यांनी धरून ठेवावं.

फेरतपासणीचा इको जमल्यास त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करा. पहिल्यात ईएफ ६० आणि दुसऱ्यात ५६ आलं म्हणून हृदय खालावलं असं होत नाही. दोन हातांनी, दोन दिवशी मोजलं की पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्या दिवशी धाप किती होती, आज जिना चढताना काय होतं, हे डॉक्टरांना आधी सांगा आणि कागद नंतर पुढे करा.